पायी योद्धा घोड्यावर: मिनिएचर कन्व्हर्जन आणि रंगकामाचा योग्य क्रम

फँटसी वॉरगेम, म्हणजे छोट्या पुतळ्यांनी (मिनिएचर) टेबलावर खेळायचे युद्धाचे खेळ; त्यांच्या संचांत पायदळ भरपूर मिळते. घोडदळ मात्र मोजके आणि महाग असते. त्यामुळे हाताशी असलेल्या पायी योद्ध्यांचे पाय कापून त्यांना घोड्यावर बसवण्याचा उद्योग बरेचजण करतात. बडोद्यातल्या आमच्या ओळखीच्या खेळाडूंचे डबे उघडले, तर असे अर्धवट सोडलेले स्वार जवळजवळ प्रत्येक डब्यात सापडतात, आणि ते अर्धवट राहण्याचे कारण हात कच्चा असणे हे क्वचितच असते. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. काम स्वाराच्या पायांपासून सुरू केले जाते, ते घोड्याच्या पाठीपासून सुरू व्हायला हवे; गोंद आधी लावला जातो आणि रंग नंतर आठवतो; लगाम प्रायमरच्या (रंगाखालच्या अस्तराच्या थराच्या) आधीच बसवलेला असतो, त्यामुळे ब्रश घोड्याच्या मानेपर्यंत पोहोचतच नाही. खालील टप्पे २८ ते ३२ मिमी मापाच्या मिनिएचरसाठी आहेत आणि ते दिलेल्या क्रमानेच करावेत.

तयारी: काय हवे आणि कुठे मिळते

छंदाच्या दुकानातली महागडी हत्यारे आवश्यक नाहीत. सोनारकामाची हत्यारे या कामाला अधिक चांगली पडतात, आणि ती सराफी पेठेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे मांडवीच्या बाजूला चौकशी केल्यास मिळतात: केसासारखे बारीक पाते असलेली सोनारी करवत, सुईसारख्या बारीक कानशींचा संच (त्यात एक गोल आणि एक अर्धगोल असलीच पाहिजे) आणि हाताने फिरवायचे छोटे ड्रिल. ड्रिलसाठी ०.८ आणि १ मिमीची पाती घ्यावीत व त्याच जाडीची पितळी तार घ्यावी. तार मिळाली नाही, तर कागद अडकवायची पेपर क्लिप सरळ करून चालते, पण ती पितळेपेक्षा कडक असल्याने बारीक वाकवताना त्रास देते.

याशिवाय धारदार क्राफ्ट नाइफ आणि बदलायची पाती, पुन्हा पुन्हा चिकटणारी मऊ निळी पुट्टी, दोन भागांची इपॉक्सी पुट्टी, प्लॅस्टिक सिमेंट आणि फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद लागतो. इपॉक्सी पुट्टीत ग्रीन स्टफ सर्वांत उत्तम. ती मिळाली नाही, तर भोके आणि मोठ्या फटी भरायला एम-सील चालते. मात्र एम-सीलचा पोत भरड असल्याने कपड्यांच्या चुण्या किंवा पट्टे तिच्यातून घडवण्याचा हट्ट धरू नये.

इशारा: रेझिनची (काही मिनिएचर ज्या ठिसूळ पदार्थाची असतात त्याची) भुकटी श्वासावाटे जाणे घातक आहे. रेझिन नेहमी पाण्यात बुडवून किंवा ओले ठेवून घासावे, मास्क लावावा आणि ओटा कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावा.

१. आधी घोडा निवडावा, मग स्वार

२८ मिमी हे माप सामान्यतः तळपायापासून डोळ्यांपर्यंत धरतात आणि ते साधारण १:५६ ते १:६० या प्रमाणात बसते. खांद्याशी पावणेपाच ते पाच फूट उंच असलेला खरा घोडा १:५६ प्रमाणात २६ ते २७ मिमी भरतो. फँटसी मिनिएचरची डोकी, हात आणि शस्त्रे मुद्दाम मोठी घडवलेली असतात, त्यामुळे २८ ते ३० मिमीपर्यंतचा घोडाही शोभतो. खेळण्यांच्या दुकानातले घोडे वापरायचे असतील, तर मोजपट्टी घेऊनच जावे. ते बहुधा मऊ पीव्हीसीचे असतात, त्यांच्यावर प्लॅस्टिक सिमेंट चालत नाही, आणि पाय थोडेसे वाकले तरी त्यावरचा रंग तडकतो.

घोड्याची चाल पाहून स्वाराचा पवित्रा ठरतो. चालणाऱ्या घोड्यावर स्वार ताठ बसतो. भरधाव घोड्यावर तो कमरेतून पुढे झुकलेला असतो. दोन अर्धकांतून जुळणाऱ्या प्लॅस्टिकच्या घोड्यांत डावे आणि उजवे अर्धक अदलाबदल करून विविधता आणण्याची युक्ती सांगितली जाते. ती वापरताना चारही पाय एकाच चालीचे दिसतात ना, हे पाहावे. दुडक्या चालीत समोरासमोरचे तिरपे पाय जोडीने उचलले जातात, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा एकत्र. साध्या चालण्यात आणि चौफेर धावेत असे होत नाही. एका बाजूला दुडकी आणि दुसऱ्या बाजूला धाव असा घोडा तयार झाला, की पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण घोडा अडखळतोय असे वाटत राहते.

घोडा ठरल्यावर स्वार निवडावा. पाय फाकवून उभा असलेला, आखूड अंगरखा किंवा नुसते चिलखत घातलेला योद्धा सर्वांत सोपा. घोट्यापर्यंत झगा असलेला जादूगार सर्वांत अवघड, कारण त्याचे पाय मुळात घडवलेलेच नसतात. सुटे घोडेस्वाराचे पाय कुणाकडून मिळत असतील, तर ते घेऊन त्यांवर पायी योद्ध्याचे धड पट्ट्याच्या रेषेवर बसवणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. तसे पाय मिळत नाहीत, म्हणूनच पुढचे टप्पे.

तपासणी: शस्त्र उगारलेला हात घोड्याच्या डोक्याच्या रेषेत येतो का, ते पाहावे. दोन्ही हातांनी कुऱ्हाड समोर आणणारा योद्धा घोड्यावर बसवला, की पुढचा घाव घोड्याच्याच मानेवर पडणार असे दिसते. असे धड घ्यायचेच असेल, तर ते कमरेत थोडे उजवीकडे फिरवावे लागेल, हे आत्ताच टिपून ठेवावे.

२. पदार्थ ओळखावा आणि धुवावा

गोंद कोणता वापरायचा, हे पदार्थावर ठरते आणि येथे फार गोंधळ होतो. कठीण प्लॅस्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन चाकूने तासल्यावर त्याची वळलेली साल निघते. रेझिनचा भुगा पडतो. धातू वजनावरूनच कळतो. प्लॅस्टिक सिमेंट पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करते, त्यामुळे ते फक्त पॉलिस्टायरीनला पॉलिस्टायरीन जोडायलाच उपयोगी आहे. प्लॅस्टिकच्या घोड्यावर रेझिनचा स्वार बसवायचा असेल, तर सायनोॲक्रिलेट आणि पिन हाच उपाय.

यानंतर सर्व तुकडे कोमट पाण्यात भांड्यांचा साबण टाकून जुन्या मऊ दातांच्या ब्रशने धुवावेत. साच्यातून सहज निघावे म्हणून लावलेला तेलकट थर तुकड्यांवर राहतो आणि त्याच्यावर प्रायमर धरत नाही. रेझिनला कढत पाणी लावू नये, तलवार लवते. उलटपक्षी, आधीच वाकडा झालेला रेझिनचा भाला गरम पाण्यात धरून सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा.

साच्याच्या रेषा याच वेळी काढाव्यात. घोड्यावर त्या पोटाखालून, मानेच्या वरच्या कडेने आणि पायांच्या आतून जातात. आयाळीतली रेष सुटली, तर वॉश (खाचांत साचणारा पातळ, गडद रंग) दिल्यावर ती ठळक उठून दिसते. चाकूची पाठ रेषेवरून खरवडत न्यावी, धार नव्हे.

३. मांड ठरवावी

हा टप्पा बहुतेकजण वगळतात, आणि पुढच्या साऱ्या चुका येथूनच निघतात. करवत हातात घेण्यापूर्वी स्वार घोड्यावर कसा बसणार आहे, हे कागदावर काढून पाहावे.

चांगल्या बैठकीची खूण अशी: बाजूने पाहिले असता स्वाराचा कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत येतात. मांडी कमरेतून पुढे आणि खाली उतरते, गुडघा किंचित बाहेर असतो, नडगी पुन्हा मागे येते आणि टाच पंजापेक्षा जराशी खाली असते. समोरून पाहिले असता मांड्या घोड्याच्या बरगड्यांना चिकटून उतरतात. उभ्या योद्ध्याचे दोन्ही पाय नुसते बाजूंना फाकवून घोड्यावर ठेवले, तर गुडघे सरळ राहतात, टाचा घोड्याच्या पोटापासून दूर हवेत तरंगतात, आणि शस्त्र कितीही सुंदर असले तरी स्वार पडण्याच्या बेतात दिसतो. दुसरी चूक याच्या उलट: मांडी पूर्ण आडवी आणि नडगी पूर्ण उभी, म्हणजे माणूस खुर्चीवर बसलेला.

छायाचित्रांपेक्षा प्रत्यक्ष पुतळा पाहणे फायद्याचे. बडोदेकरांना त्यासाठी दूर जायला नको. सयाजीबागेजवळचा काळा घोडा, म्हणजे फ्रान्सिस डरवेंट वुड यांनी घडवलेला सयाजीराव महाराजांचा १९०७ सालचा अश्वारूढ पुतळा, रोजच्या वाटेवरच आहे. बाजूने एक आणि शक्य तितके समोरून एक असे दोन फोटो घ्यावेत, आणि गुडघा घोड्याच्या खांद्यापासून किती मागे येतो व पाऊल पोटाच्या रेषेच्या तुलनेत कुठे थांबते, हे फोटोवर रेघा मारून पाहावे. या दोन रेघा पुढच्या टप्प्यात करवतीइतक्याच कामाला येतात.

घोड्याऐवजी लांडगा, रानडुक्कर किंवा सरडा असेल, तरी नियम हाच. रुंद पाठीच्या जनावरावर गुडघे वर आणि बाहेर जातात, अरुंद पाठीच्या जनावरावर पाय खाली लोंबतात. पावले जनावराच्या पोटाखाली दोन-तीन मिमीहून अधिक उतरत असतील, तर जनावर लहान पडले आहे आणि ते बदलावे.

तपासणी: घोड्याच्या पाठीवर खोगीर कोरलेले आहे का? नसेल, तर आत्ताच दोन मिमी जाडीची पुट्टीची गादी घालून ती वाळू द्यावी. खोगीर नंतर स्वाराच्या खालून सरकवता येत नाही, आणि ते नसताना मोजलेली मांड खोगीर आल्यावर बदलते.

४. पाय कापावेत

स्वाराचे दोन्ही पाय बेसपासून (पायांखालच्या तळापासून) तळव्याच्या खालून कापून मोकळे करावेत. घोट्यातून कापल्यास बूट परत घडवत बसावे लागते. त्यानंतर पुढील क्रम पाळावा.

पहिला छेद जांघेच्या घडीवर घ्यावा. करवत दोन्ही पायांच्या मधून सुरू करून वर आणि बाहेरच्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या दिशेने न्यावी. दोन्ही बाजूंनी असे केल्यावर कंबर आणि धड एका तुकड्यात राहते, खाली त्याचा आकार पाचरीसारखा निमुळता होतो, आणि दोन्ही पाय सुटे होतात. अनेकजण येथे कंबरच मधोमध उभी चिरतात आणि दोन्ही अर्धे फाकवतात. असे केल्याने नितंब रुंद होतात, पट्टा तुटतो आणि पुढची फट भरताना पट्ट्याची बकलही नव्याने घडवावी लागते. कंबर अखंड राहिली पाहिजे.

दुसरा छेद गुडघ्यामागे. गुडघ्याच्या मागच्या बाजूने इंग्रजी व्ही आकाराची फोड काढावी, तिचे टोक गुडघ्याच्या वाटीच्या दिशेने यावे आणि पुढची पातळ साल शाबूत ठेवावी. प्लॅस्टिक असेल, तर त्या खाचेत सिमेंटचा एक थेंब सोडून अर्धा मिनिट थांबावे आणि नडगी हळूच मागे वाकवावी. खाच मिटते आणि वाटीचा आकार तसाच राहतो. धातू एकदाच वाकवावा. पुढे-मागे केल्यास तो त्याच जागी तुटतो. रेझिन वाकवू नये. पूर्ण कापून पिन घालावी.

फोड किती मोठी काढायची, हे चित्रावरून ठरवावे आणि त्याच्या निम्मीच आधी काढावी. जास्त कापलेले परत येत नाही, कमी कापलेले पुन्हा कापता येते.

शेवटचे काम कानशीचे आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळ घेते. मांडीची आतली बाजू अर्धगोल कानशीने खोलगट करावी, म्हणजे ती घोड्याच्या बरगडीवर बसेल. कमरेच्या पाचरीचे टोक सपाट करून खोगिराच्या खळग्यात बसेल इतके घासावे. निळ्या पुट्टीने तिन्ही तुकडे घोड्यावर लावून पाहावेत, काढावेत, थोडे घासावे, परत लावावेत. मांडी आणि घोडा यांच्यात प्रकाश दिसत असेल, तर घासणे संपलेले नाही. येथे घाई केली, की उरलेली फट पुट्टीने भरली जाते, पुट्टीमुळे मांडी जाड होते, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा दुप्पट दिसतो.

इशारा: करवतीचे पाते खेचताना जोर द्यावा, ढकलताना नव्हे, सोनारी करवतीत पाते दात मुठीकडे येतील असे बसवलेले असते. मिनिएचर बोटांत धरून कापू नये. लाकडी पट्टीवर दाबून धरावे आणि कापण्याची दिशा दुसऱ्या हातापासून दूर ठेवावी.

५. पिन, गोंद आणि पुट्टी

कमरेला दोन्ही पाय जोडण्यासाठी प्रत्येक बाजूला एक पिन पुरेशी आहे. एका तुकड्यात भोक पाडावे, भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका लावावा आणि दुसरा तुकडा त्यावर नेमका टेकवावा; ठिपका उमटेल तेथे दुसरे भोक पाडावे. अंदाजाने पाडलेली भोके समोरासमोर येत नाहीत आणि मग पिन वाकवून जुळवाजुळव करावी लागते.

पाय कमरेला जोडताना स्वार घोड्यावर बसलेला असावा, पण घोड्याला चिकटलेला नसावा. त्यासाठी खोगिरावर स्वयंपाकघरातल्या पातळ प्लॅस्टिकच्या वेष्टणाचा एक थर ताणून घालावा आणि त्यावर जोडणी करावी. गोंद वाळला, की स्वार उचलून निघतो आणि त्याची मांड घोड्याच्या पाठीवर अचूक बसते. हीच पद्धत पुट्टी भरतानाही वापरावी.

सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने आवळते. जास्त गोंद लावला आणि हवा कोंदट असली, तर त्याची वाफ आजूबाजूला बसून पांढरट थर तयार होतो. थेंब थेट बाटलीतून सोडू नये. दातकोरणीच्या टोकाने लावावा. शिवाय हा गोंद ताण सहन करतो, पण आडवा धक्का सहन करत नाही. पिन त्यासाठीच असते.

ग्रीन स्टफची पट्टी पिवळा आणि निळा भाग चिकटून आलेली असेल, तर मधली दोन्ही रंग जेथे भेटतात ती बारीक कड कापून टाकावी. ती आधीच आवळलेली असते आणि मिश्रणात कडक गुठळ्या सोडते. समान भाग घेऊन एकसारखा हिरवा रंग येईपर्यंत मळावे. निळा भाग जास्त घेतल्यास पुट्टी कडक होते, पिवळा जास्त घेतल्यास मऊ आणि चिकट. साधारण तासभर ती घडवता येते, पण मे महिन्यात तो वेळ बराच कमी होतो, म्हणून एका वेळी वाटाण्याएवढीच मळावी. हत्यार सतत पाण्याने ओले ठेवावे. पुट्टी आधी जांघेतल्या फटीत दाबावी आणि अर्ध्या तासाने, ती थोडी आवळल्यावर, कापडाच्या चुण्या काढाव्यात. ताजी असताना काढलेल्या चुण्या सपाट होत जातात. ग्रीन स्टफ वाळल्यावर घासल्यास धागे सुटतात, त्यामुळे ती ओली असतानाच गुळगुळीत करावी. घासण्याजोगा पृष्ठभाग हवा असेल, तर मिलिपुट ही दुसरी इपॉक्सी पुट्टी घ्यावी. रात्रभर वाळू द्यावे.

तपासणी: स्वार घोड्यावर ठेवून मिनिएचर उलटे करावे. तो आपल्याच मांडीने क्षणभर टिकून राहत असेल, तर बसवणी उत्तम झाली.

६. प्रायमर: हवा पाहूनच

स्वार आणि घोडा वेगळेच ठेवावेत. स्वाराच्या कमरेखाली खोगिरात जाणारी एक पिन बसवून तिला बाटलीचे बूच लावावे, घोड्याच्या पोटाला भोक पाडून त्यात तार घालावी आणि ती दुसऱ्या बुचात खोचावी. ढाल आणि मोठा भालाही वेगळा रंगवावा. लगाम आणि रिकिबी या टप्प्यावर लावू नयेत.

स्प्रे प्रायमर २० ते ३० सेंटिमीटरवरून, छोट्या फटकाऱ्यांत, मिनिएचरच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवत मारावा. बडोद्याच्या हवेत त्याचे वेळापत्रक महत्त्वाचे आहे. एप्रिल-मेच्या दुपारी स्प्रेचे थेंब हवेतच वाळतात आणि मिनिएचरवर रेतीसारखा खरखरीत थर बसतो, म्हणून त्या दिवसांत सकाळी लवकर मारावा. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत ओल्या हवेत प्रायमर धुरकट होतो. पावसाळ्यात ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वोत्तम, आणि वर्षभराचे प्रायमरचे काम तेव्हाच उरकणारे लोक हुशार म्हणायचे. १४ आणि १५ जानेवारीला मात्र गच्चीवर जाऊ नये. उत्तरायणात गच्चीवर उभे राहायलाही जागा नसते आणि मांज्यात अडकलेला स्वार कुठे गेला ते समजत नाही.

इशारा: हार्डवेअरच्या दुकानातले मोटारीचे स्प्रे स्वस्त असतात, पण त्यांतील काहींचे द्रावक पॉलिस्टायरीनला वितळवते. किटच्या स्प्रूच्या (सुटे भाग जोडून येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या) तुकड्यावर मारून एक दिवस थांबावे, मगच मिनिएचरवर मारावे.

प्रायमर वाळल्यावर मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरावा. सुटलेल्या रेषा आणि पुट्टीच्या कडा सावलीमुळे दिसतात. आत्ता दुरुस्त करणे सोपे आहे.

७. घोडा रंगवावा

ॲक्रिलिक रंग ताकाइतका पातळ करून दोन-तीन थर द्यावेत. उन्हाळ्यात रंग पॅलेटवरच वाळतो, म्हणून झाकणाच्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बेकिंगचा बटर पेपर अंथरावा आणि रंग त्यावर घ्यावा.

घोडदळ रंगवताना ड्रायब्रशचा, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासण्याचा, मोह सर्वांत आधी सोडावा. घोड्याचे अंग मोठे, गुळगुळीत आणि स्नायूंनी भरलेले असते. त्यावर ड्रायब्रश केल्यास धुळीचा खडबडीत थर बसल्यासारखे दिसते. ड्रायब्रश आयाळ आणि शेपटीपुरता ठेवावा. अंगाला मूळ रंग द्यावा, मग वॉश, आणि वॉश पूर्ण वाळल्यावर मूळ रंगाचे पातळ थर देऊन पुठ्ठे (घोड्याचा मागचा गोलसर भाग), खांदा आणि बरगड्यांचा उंचवटा परत उजळावा. वॉश देताना पंखा बंद ठेवावा, कारण कडेने लवकर वाळलेला वॉश डागाच्या कडा सोडतो. पोटाखाली साचलेला थेंब स्वच्छ, ओलसर ब्रशने टिपून घ्यावा.

खऱ्या घोड्यांच्या रंगांत काही नियम असतात आणि ते पाळले, की फँटसी घोडाही पटतो.

कुमैत घोड्याचे अंग तांबूस तपकिरी, पण आयाळ, शेपटी आणि गुडघ्याखालचे पाय काळे असतात. पायाचा काळा रंग गुडघ्याशी तुटक न संपवता वर तपकिरीत मिसळत न्यावा. तांबड्या घोड्याची आयाळ अंगाच्याच रंगाची किंवा त्याहून फिकी असते, काळी नसते. या दोघांची सरमिसळ ही नेहमीची चूक आहे. करड्या घोड्याला पांढऱ्यापासून सुरुवात करू नये. मध्यम करड्यापासून वर चढावे आणि नाकपुड्या, ओठ व डोळ्यांभोवती गडद करडा ठेवावा, कारण त्याची कातडी गडदच असते. काळ्या घोड्याला शुद्ध काळा देऊ नये, फार गडद तपकिरी द्यावा. नाहीतर उजाळा देण्यासाठी जागाच उरत नाही.

आपल्या भागातला घोडा हवा असेल, तर काठियावाडी उत्तम. त्याचे कान आत वळून टोकांशी जवळजवळ भेटतात, आणि दोन कणांएवढ्या पुट्टीने ते साधतात. त्याचा पिवळसर मातकट रंग, पाठीच्या कण्यावरून जाणारी गडद रेघ आणि पायांवरचे आडवे पट्टे रंगवायला मजा येते. पूर्ण काळा काठियावाडी मात्र करू नये. या जातीत तो रंग नसतो.

चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी घोडा सरदारासाठी राखावा. पलटणीत एखाद-दुसरा ठीक. पांढरे मोजे रंगवताना आधी फिकट करडा आणि मग वर पांढरा द्यावा. पांढऱ्या पायाखालचे खूर फिके, शिंगाच्या रंगाचे असतात, गडद पायाखालचे काळपट. डोळा मात्र साधा ठेवावा: काळा ठिपका आणि वर पांढऱ्याचा सूक्ष्म कण; या मापावर घोड्याच्या डोळ्यातला पांढरा भाग रंगवला, तर घोडा बिथरलेला दिसतो.

८. स्वार रंगवावा

येथे नेहमीची पद्धतच चालते, फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मांडीच्या आतली आणि खोगिराला टेकणारी बाजू रंगवू नये. तेथे गोंद लागणार आहे. आणि पलटणीच्या सर्व स्वारांचा एक रंग समान ठेवावा, झुलीचा असो वा ढालीचा, म्हणजे घोडे वेगवेगळ्या रंगांचे असले तरी पथक एक दिसते.

९. जोडणी, रिकिबी आणि लगाम

जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवर उडालेला रंग चाकूने खरवडावा. गोंद रंगाला धरतो आणि रंग प्लॅस्टिकवरून सुटतो, म्हणून रंगावर रंग चिकटवलेला स्वार पहिल्याच खेळात हातात येतो. पिनेला थोडा गोंद लावून स्वार बसवावा आणि रात्रभर हात लावू नये.

रिकिबीसाठी पितळी तार सुईभोवती वळवून छोटा कंस करावा आणि तळव्याला चिकटवावा. रिकिबीचा पट्टा गुडघ्याच्या मागून खोगिराकडे जातो, गुडघ्याच्या पुढून नव्हे. लगामासाठी मलमाची रिकामी ॲल्युमिनियमची ट्यूब कापून उलगडावी, धुवावी आणि पट्टी ठेवून जेमतेम एक मिमी रुंद पट्टे काढावेत. कागदाचे पट्टे गोंद पिऊन कडक होतात, तर हे पट्टे बोटाने वळवले की वळण धरून राहतात. लगाम आधी घोड्याच्या तोंडाशी चिकटवावा, वाळू द्यावा, मग मानेवरून थोडा सैल लोंबवत स्वाराच्या डाव्या मुठीत न्यावा. ताणलेला लगाम फक्त घोडा थांबवताना शोभतो. स्वाराचे दोन्ही हात शस्त्रात गुंतलेले असतील, तर लगामाला गाठ मारून तो घोड्याच्या मानेवरच ठेवावा. मग रंगवावा.

१०. व्हार्निश आणि बेस

व्हार्निशला प्रायमरचेच हवामानाचे नियम लागू आहेत, किंबहुना जास्त कडकपणे, कारण येथे बिघडलेले काम पूर्ण रंगवलेले असते. मॅट व्हार्निश ओल्या हवेत पांढरट धुके सोडते. तसे झाल्यास मिनिएचर घासू नये. त्यावर ग्लॉस व्हार्निशचा एक हात दिल्यास धुके बहुधा निघून जाते, आणि कोरड्या दिवशी परत मॅट मारता येते. लगाम आणि भाल्याला ब्रशनेच व्हार्निश लावावे.

बेसचे माप खेळाच्या नियमांप्रमाणे घ्यावे. रांगेत उभे करायच्या घोडदळाला २५ × ५० किंवा ३० × ६० मिमीचे आयताकृती बेस सर्वसाधारण आहेत. घोड्याचे दोनच पाय जमिनीला टेकत असतील, तर त्या दोन्हींतून पिन बेसमध्ये घालावी आणि बेसच्या खालून मागच्या बाजूला लोखंडी वायसर चिकटवावे, म्हणजे भाल्याच्या वजनाने पुढे कलंडणार नाही. गोंद लावण्यापूर्वी सर्व बेस रांगेत खेटून ठेवावेत आणि घोडे त्यांवर निळ्या पुट्टीने उभे करावेत. एकाची शेपटी मागच्याच्या तोंडात आणि शेजाऱ्याचा भाला डोळ्यात जाणार असेल, तर ते आत्ता दिसते. जागा ठरली, की प्रत्येक बेसच्या खाली रांग आणि जागेचा क्रमांक पेन्सिलीने लिहावा, मगच घोडे चिकटवावेत.